भरवणारा हात कुणाचा?

ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने भिवंडीकडे निघालं की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गावं एकाला एक लागून येतात. याच पट्ट्यात वळ आहे. एके काळी इथे भाताची खाचरं होती, आज गोदामं आहेत. मुंबई-ठाण्याच्या घराघरांत जाणारा माल आधी या गावांत उतरतो, मोजला जातो, खोक्यांत भरला जातो आणि मग पुढे निघतो. ज्यांची जमीन होती त्यांना भाडं मिळालं. ज्यांची नव्हती त्यांच्या वाट्याला हमाली आली, पॅकिंग आलं.

अलीकडे बाजारात एक नवा माल आला आहे. त्याचं नाव ‘खास तुमच्यासाठीचा आहार’. विष्ठेचा नमुना एका डबीत घालून पाठवायचा, प्रयोगशाळा आतड्यातल्या जिवाणूंची यादी करणार आणि काय खावं, काय टाळावं, कुठल्या पावडरी आणि गोळ्या घ्याव्यात हे सांगणार. खर्च काही हजार रुपये. पोट सुधारेल इथपर्यंत ठीक होतं, आता स्मरणशक्ती सुधारेल, विसरण्याचा आजार लांब राहील असंही सुचवलं जातं. अल्झायमर झालेल्या माणसाच्या घरात ही जाहिरात कुणाच्या काळजाला हात घालते हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या बाईने सगळे उपाय करून पाहिले, ती हाही करून पाहील. पैसे नसतील तर ‘मी पुरेसं केलं नाही’ असं स्वतःला म्हणेल.

म्हणून या विषयावर आपण बोललं पाहिजे. ‘आजार डॉक्टरांचा, जेवण घरचं, यात स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न कुठे आला?’ असं आपल्यातल्याही काहींना वाटेल. मला वाटतं, तो नेमका इथेच आहे.

आधी विज्ञान काय म्हणतं ते नीट पाहू. आतडी आणि मेंदू यांचं नातं आहे, त्यात खोटं काही नाही. मज्जातंतूंमधून, रक्तातून आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीमधून दोघांची सतत देवाणघेवाण चालते. २०१७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी अल्झायमरच्या २५ रुग्णांची २५ निरोगी माणसांशी तुलना केली. रुग्णांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता कमी होती. २०२३ साली सेंट लुईसमधल्या संशोधकांनी दाखवलं, की या आजाराकडे जन्मतःच कल असलेले उंदीर पूर्णपणे जंतुमुक्त वाढवले तर त्यांच्या मेंदूची झीज बरीच कमी होते. हे महत्त्वाचं आहे. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय आजारी माणूस कमी खातो, तेच तेच खातो, हिंडत-फिरत नाही, औषधं घेतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने जिवाणू बदलतात. जिवाणू बदलले म्हणून आजार झाला की आजार झाला म्हणून जिवाणू बदलले, हा गुंता अजून सुटलेला नाही.

उपायांचं काय? इराणमध्ये २०१६ साली ६० रुग्णांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींना चांगले जिवाणू घातलेलं दूध बारा आठवडे दिलं, आणि त्यांच्या बुद्धीच्या चाचणीत थोडी सुधारणा दिसली. २०१८ साली त्याच देशात, बहुतांशी गंभीर अवस्थेतल्या रुग्णांना जिवाणूंच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या, तर काहीच फरक पडला नाही. चीनने २०१९ साली समुद्री शेवाळापासून केलेल्या एका औषधाला सशर्त परवानगी दिली. ते आतड्यातले जिवाणू बदलून काम करतं असा दावा होता. २०२२ मध्ये त्याची जागतिक चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. २०२३ साली अमेरिकेत, घरात हा आजार असलेल्या पण स्वतः धडधाकट असलेल्या ६०४ वयस्कर माणसांना तीन वर्षं दोन प्रकारचे आहार देऊन पाहिले. एक मेंदूसाठी खास आखलेला, दुसरा नेहमीचाच. दोन्ही गटांना थोडं कमी खायला सांगितलं होतं. तीन वर्षांनी दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. याच्या उलट, फिनलंडमध्ये १२६० माणसांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फायदा दिसला. तिथे आहाराच्या जोडीला व्यायाम होता, बुद्धीला काम होतं, रक्तदाबावर नजर होती आणि चार माणसांत मिसळणं होतं. एकट्या ताटाकडून फार अपेक्षा करू नये, असा याचा साधा अर्थ.

म्हणजे आज डबीत नमुना पाठवून कुणाचा अल्झायमर टळेल किंवा बरा होईल असं म्हणायला आधार नाही. हे मैत्रिणींना स्पष्ट सांगण्याचं काम आपलं आहे.

पण मग आहाराला महत्त्वच नाही का? आहे, आणि फार आहे. फक्त ते जाहिरात सांगते तिथे नाही.

या आजाराचा ताटाशी संबंध अगदी पहिल्या नोंदीपासून आहे. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईला दाखल केलं. तिच्या नवऱ्याला तिचं वागणं झेपेनासं झालं होतं. तिला तपासणारे डॉक्टर आलॉइस अल्झायमर. तिच्या मृत्यूनंतर १९०६ साली त्यांनी तिच्या मेंदूची तपासणी केली आणि पुढे हा आजार त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. तिची हरवलेली फाइल १९९५ मध्ये सापडली. त्यात तिच्या जेवणाची नोंद आहे. ती फ्लॉवर आणि मांस खात होती. काय खाते आहेस विचारलं, तर तिने पालक असं सांगितलं. आजाराला डॉक्टरांचं नाव मिळालं. ज्या बाईमुळे तो कळला, तिचं नाव फार थोड्यांना माहीत आहे.

तोंडातला घास काय आहे हेच न समजणं ही या आजारातली एक गोष्ट. अशा कितीतरी आहेत. वास येणं फार लवकर कमी होतं, त्यामुळे चव लागत नाही. काहींना एकाएकी गोडच हवं असतं. जेवल्याचा विसर पडतो, भूक लागल्याचाही विसर पडतो. तहान कळत नाही, पाणी पोटात जात नाही. पाणी नाही, हालचाल नाही, म्हणून पोट साफ होत नाही. पोट तडस लागलेलं असतं, पण ते शब्दांत सांगता येत नाही. मग माणूस चिडतो, कपडे ओढतो, रात्रभर येरझाऱ्या घालतो. घरचे म्हणतात आजार वाढला, आणि झोपेची गोळी वाढते. या आजारात नेहमी दिलं जाणारं डोनेपेझिल काहींची भूक मारतं, मळमळ आणि जुलाब करतं. सर्दीच्या, ॲलर्जीच्या, लघवीच्या काही औषधांनी बद्धकोष्ठ होतं आणि गोंधळलेपणाही वाढतो. कवळी सैल झालेली असते, हिरड्या दुखत असतात. पुढे पुढे गिळणं अवघड होतं, घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो.

आतड्यांचं आरोग्य म्हणजे या घरांमध्ये हे सगळं. आणि ‘खास एका माणसासाठीचा आहार’ म्हणजे हे सगळं रोज लक्षात ठेवणं. सकाळी भूक असते तर मोठं जेवण सकाळीच द्यायचं. भाकरी चावत नाही तर पेज, मऊ भात, कुस्करलेलं वरण. साधं पाणी प्यायलं जात नाही तर ताक, सार, कलिंगडाची फोड. पाण्याचा ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारून पातळ पदार्थ जरा दाट करून द्यायचे. मासे आवडत असतील तर काटा काढून. ताटात एका वेळी एकच पदार्थ, म्हणजे गोंधळ होत नाही. बॉस्टनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात नऊच रुग्ण होते. पांढऱ्या भांड्यांऐवजी गडद रंगाची भांडी दिल्यावर ते जास्त जेवले, कारण अन्न उठून दिसलं. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात वाढणाऱ्यांनी हे करून पाहायला हरकत नाही, पैसे पडत नाहीत. वजन महिन्याला एकदा बघायचं. किती दिवस शौचाला झालं नाही हे लिहून ठेवायचं. आणि विसरभोळेपणा दिसू लागला की बी-१२ आणि थायरॉईडची तपासणी आधी करून घ्यायची, कारण त्यांच्या कमतरतेनेही माणूस विसरू लागतो, आणि तो विसर उपचारांनी बरा होऊ शकतो.

आता शेवटची अवस्था पाहा. गिळता येईनासं झालं की नाकातून किंवा पोटातून नळी घालावी का, हा प्रश्न येतो. वृद्धांवर उपचार करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली: स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळी घालू नये, काळजीपूर्वक हाताने भरवावं. आयुष्य, न्यूमोनियाचा धोका, आराम या सगळ्या बाबतींत हाताने भरवणं नळीपेक्षा कमी ठरत नाही.

हे वाचून मी थांबले. सगळी यंत्रं, तपासण्या, पावडरी बाजूला ठेवून वैद्यकशास्त्र शेवटी म्हणतं, हाताने भरवा. एका घासानंतर दुसरा, गिळल्याची खात्री करून, न रागावता, अर्धा-पाऊण तास, दिवसातून तीन-चार वेळा. हा सल्ला बरोबरच आहे. पण तो देताना एक गोष्ट कुणी लिहीत नाही. तो हात कुणाचा?

उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सुनेचा, बायकोचा, मुलीचा. ते नसतील तर पगारी बाईचा, म्हणजे पुन्हा बाईचाच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. आजारी आणि लहानांची काळजी घेण्याचा वेळ त्याहून वेगळा मोजलेला आहे. तिथेही बायकांची १३७ मिनिटं आणि पुरुषांची ७५.

वळसारख्या गावातली एक सून डोळ्यांपुढे आणू या. ती कुणी एक नाही, अशा अनेक आहेत. सकाळी गोदामात पॅकिंगला जाते. सासूला हा आजार झाला तर पहिलं काय जातं? तिची नोकरी. नवऱ्याची नोकरी ‘घर चालवणारी’ असते, हिची ‘हातभार लावणारी’, म्हणून सोडायची वेळ हिच्यावर येते. मग ती दिवसभर सासूचं खाणं-पिणं, शी-शू बघते. एवढं करून सासू दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ‘मला सून जेवायला देत नाही.’ तासापूर्वी जेवलेलं तिला आठवत नाही, हा आजार आहे. पण गावाला आजार माहीत नाही, सासू-सुनेची भांडणं माहीत आहेत. दोष सुनेच्या माथी बसतो. नणंद येते, दोन दिवस राहते, ‘आई किती वाळली’ म्हणून निघून जाते. वजन कमी होणं हे या आजाराचं एक लक्षण आहे, असं त्या घराला कुठल्या डॉक्टरने, कुठल्या आरोग्यसेविकेने सांगितलेलं असतं का?

या कामाला आपल्याकडे ‘सेवा’ म्हणतात. शब्द गोड आहे आणि म्हणूनच अवघड आहे. सेवेला सुट्टी नसते, पगार नसतो, ‘मी थकले’ म्हणायची सोय नसते. एखादा मुलगा आईला भरवतो तेव्हा गाव त्याचं कौतुक करतं. सून भरवते तेव्हा तिने काही वेगळं केलं असं कुणालाच वाटत नाही.

आता सुनेकडून सासूकडे वळू, कारण तीही बाईच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे भारतात साठीवरच्या ७.४ टक्के माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५.८ टक्के आणि बायकांमध्ये ९ टक्के. शहरात ५.३ आणि खेड्यात ८.४. ‘हा शिकलेल्या, शहरी, श्रीमंतांचा आजार’ ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

असं का? बायका जास्त जगतात हे एक कारण. पण तेवढंच नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली आणि ती सगळी दूर करता आली तर जगातले ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असं म्हटलं. त्या यादीत आहार हे वेगळं कारण म्हणून नाही. त्यात कमी शिक्षण आहे. मधुमेह आणि रक्तदाब आहे, ऐकू न येणं, दिसेनासं होणं, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा आणि प्रदूषित हवा आहे. ही यादी भिवंडीत उभं राहून वाचा. आज सत्तरीत असलेल्या किती बायका शाळेत गेल्या होत्या? यंत्रमागाच्या खडखडाटात किती जणांचे कान गेले? ट्रकांचा धूर आणि चुलीचा धूर कुणाच्या छातीत गेला? नवऱ्याचा मार कुणी डोक्यावर झेलला? मोतीबिंदू पिकेपर्यंत ‘म्हातारीला काय बघायचंय’ असं कुणाबद्दल म्हटलं गेलं?

आणि आयुष्यभर सगळ्यांना वाढून उरलेलं कुणी खाल्लं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. जिच्या आवडीचं काही कधी घरात शिजलं नाही, तिच्यासाठी ‘खास आहार’ पहिल्यांदा तेव्हा होतो, जेव्हा तिला आपण काय खातो आहोत हेच कळत नाही. तिला काय आवडायचं असं विचारलं, तर पुष्कळदा मुलांना सांगता येत नाही. ‘आईला सगळं चालायचं’ म्हणतात.

इथे एका धोक्याकडे लक्ष वेधायला हवं. बाजाराच्या पावडरींना विरोध करताना आपण दुसऱ्या टोकाला जाऊ नये. ‘आपलं पारंपरिक घरचं अन्न, नाचणीची आंबील, घरचं ताक, हेच खरं औषध’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. अन्न चांगलंच आहे. पण आंबील आपोआप होत नाही. नाचणी दळणं, रात्री भिजवणं, सकाळी ढवळून शिजवणं, हे कुणीतरी करतं. परंपरेची आरती करून ते काम पुन्हा त्याच बाईच्या डोक्यावर ठेवायचं असेल, तर बाजार आणि परंपरा यांच्यात आपल्या दृष्टीने काय फरक राहिला? एक तिच्याकडून पैसे घेतो, दुसरी तिचा दिवस घेते.

‘सासूने छळलं, आता सुनेने तिचं का करावं?’ असाही प्रश्न बैठकांमध्ये येईल. तो खरा आहे, त्याला दटावून गप्प करू नये. कुठल्याही बाईवर काळजी घेण्याची सक्ती नसावी. आणि कुठल्याही आजारी माणसाला, ती पूर्वी कशीही वागलेली असो, उपाशी, घाणीत, बांधून ठेवलं जाऊ नये. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या ठरायच्या असतील तर काळजीचं ओझं एका घरातल्या एका बाईवर ठेवून चालणार नाही. ते घरातल्या पुरुषांनी आणि गावाने, सरकारने वाटून घ्यायला हवं.

मग मागायचं काय? गावपातळीपासून सुरुवात करू. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ज्या गावांत गोदामं आहेत त्यांचं करांचं उत्पन्न लहान गावांपेक्षा बरं असतं. त्या पैशातून दिवसाचे काही तास आजारी वृद्धांना सांभाळणारं केंद्र का निघू नये? तिथे दुपारचं मऊ, गरम जेवण आणि भरवायला शिकलेल्या, रीतसर पगार घेणाऱ्या बाया आणि पुरुष असावेत. म्हणजे सुनेची नोकरी टिकेल आणि सासूला चार माणसं दिसतील. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे. हा ठराव तिथे मांडता येईल.

दुसरी मागणी आरोग्य खात्याकडे. आशा ताईंना या आजाराची ओळख, गिळण्याचे धोके आणि बद्धकोष्ठाकडे लक्ष देणं शिकवा, पण वाढीव मोबदल्यासह. त्यांच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं काम नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात बी-१२, थायरॉईड, साखर, रक्तदाब, कान आणि डोळे यांची तपासणी साठीनंतर नियमित व्हावी. २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलेल्या वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३,००० रुपये देण्याची तरतूद होती. त्यातले किती पैसे आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांपर्यंत पोचले, याचा हिशेब गटांनी मागावा.

तिसरी मागणी कायद्याची. नोकरी करणाऱ्याला, मग तो पुरुष असो वा बाई, घरातल्या आजारी वृद्धासाठी पगारी रजा हवी, आणि ती गोदामातल्या कंत्राटी कामगारालाही लागू हवी. घरात राहून काळजी घेणाऱ्याला भत्ता हवा. घरोघरी जाऊन रुग्ण सांभाळणाऱ्या बायांना किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि विमा हवा.

चौथं काम आपलं, गटांचं आहे. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा. तुमच्या घरात भरवण्याची वेळ आली तर कोण भरवेल? आणि तुमच्यावर ती वेळ आली, तर तुम्हाला काय खायला आवडतं हे घरात कुणाला माहीत आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकीने आपल्या घरी मोठ्याने सांगावं. मुलग्यांना सांगावं. त्यांना भात मऊ शिजवायला, काटा काढायला आणि घास गिळला की नाही हे बघायला आत्ताच शिकवावं. आपण धडधाकट आहोत तोवर ही शिकवणी आपल्याच हातात आहे.

बैठकीत जी उत्तरं येतील ती लिहून पाठवा. तीच आपल्या मागण्यांचा पाया होतील.